बॉरूसुकसची कवटी आणि मागचा पाय: एका रेझिन प्रतिकृतीसंचाचे परीक्षण

नामशेष प्राण्यांच्या हाडांच्या प्रतिकृती तयार करणाऱ्या एका लहानशा कार्यशाळेने ‘भूचर मगर’ या नावाने एक संच विक्रीस आणला आहे. त्यात बॉरूसुकस या प्राण्याची अर्ध्या मापाची कवटी, वेगळा काढता येणारा खालचा जबडा, श्रोणीसह (कमरेच्या हाडांसह) उजवा मागचा पाय, मोठ्या मापात घडवलेले तीन दात, धातूचा एक आधार आणि छापील माहितीपुस्तिका अशा वस्तू येतात. हा संच दिवाणखान्याची शोभा म्हणून घेणाऱ्याला या परीक्षणाचा फारसा उपयोग होणार नाही. शरीररचना शिकण्याचे आणि शिकवण्याचे साधन म्हणून मी तो तपासला. त्या कसोटीवर कवटी उत्तम, पाय चांगला, आधार निरुपयोगी आणि पुस्तिका दिशाभूल करणारी आहे, असे माझे मत झाले.

बॉरूसुकस हा ब्राझीलमधील उत्तर क्रिटेशस काळातील, म्हणजे डायनोसॉरांच्या युगाच्या अखेरच्या टप्प्यातला मांसाहारी प्राणी. जीवाश्मतज्ज्ञ लेव्हेलिन आयव्हर प्राइस यांनी १९४५ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले आणि बॉरू येथील खडकांवरून त्याला नाव दिले. आजच्या मगरीची कवटी ज्याने पाहिली आहे, त्याला ही प्रतिकृती हातात घेताच पहिला फरक जाणवतो तो उंचीचा. आजच्या मगरीचे मुस्कट वरून दाबल्यासारखे चपटे असते, तर बॉरूसुकसचे मुस्कट दोन्ही बाजूंनी दाबलेले, अरुंद आणि उंच असते. पाण्यात दबा धरून बसणाऱ्या प्राण्याचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर असाव्या लागतात, म्हणजे बाकीचे शरीर पाण्याखाली ठेवून पाहता येते आणि श्वासही घेता येतो. येथे डोळ्यांच्या खोबणी बाजूंना वळलेल्या आहेत आणि नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाशी पुढे उघडतात. प्रतिकृतीत हे सर्व कोन नीट उतरले आहेत. स्वस्त प्रतिकृतींत मुस्कट नकळत रुंद केलेले असते, कारण अरुंद मुस्कटाचा साचा सोडवताना रेझिन तुटण्याची भीती असते. या कारागिरांनी ती जोखीम पत्करली, हे नमूद करायला हवे.

कवटी उलटी करून पाहिली की खरी कारागिरी दिसते. वरच्या जबड्याची आणि टाळूची हाडे मध्यरेषेवर जुळून तयार झालेला दुय्यम टाळू, म्हणजे तोंड आणि श्वासमार्ग वेगळे करणारा हाडांचा पडदा, येथे स्पष्ट दिसतो. त्याच्या मागे आतील नासाद्वारे उघडतात, आणि ती आजच्या मगरींपेक्षा बरीच पुढे आहेत. आजच्या मगरींत ही द्वारे थेट घशापाशी, पंखास्थींच्या (टाळूच्या मागच्या टोकाच्या हाडांच्या) आत सरकलेली असतात, त्यामुळे तोंडात पाणी असतानाही हवेचा मार्ग मोकळा राहतो. दुय्यम टाळूची सुरुवात मात्र पाण्यासाठी झाली, असे म्हणता येत नाही, कारण ज्या वंशशाखा जमिनीवरच वावरत होत्या त्यांच्यातही तो होता. जबड्याचा सांधा पेलणारे हाड मेंदूच्या कोशाला घट्ट जोडलेले असणे हे मगरवंशाचे फार जुने लक्षण होय, आणि तेही येथे सांध्यांच्या रेषांसह दाखवले आहे. कवटीच्या मागच्या भागात कारागिरांनी दिलेला गडद तपकिरी रंग मात्र खटकतो. जुनेपणाचा आभास देण्यासाठी तो खाचांत भरला आहे, आणि त्यामुळे दोन हाडांमधली शिवण कोणती आणि पृष्ठभागावरची नैसर्गिक नक्षी कोणती, हे ओळखणे काही ठिकाणी अवघड होते.

दातांच्या बाबतीत हा संच सर्वांत समाधानकारक आहे. बॉरूसुकसच्या वरच्या जबड्याच्या मुख्य हाडात प्रत्येक बाजूला अवघे ५ दात असतात आणि त्याच्या पुढच्या हाडात ४. आजच्या मगरींच्या क्रोकोडायलस प्रजातीत त्याच मुख्य हाडात साधारणपणे १३ ते १४ दात असतात, हे लक्षात घेतले म्हणजे येथे संख्या किती घटली आहे याचा अंदाज येतो. प्रतिकृतीत ही संख्या अचूक आहे. खालच्या जबड्यातला मोठा सुळा वर जाताना ज्या खाचेत बसतो, ती खाचही जबडा मिटल्यावर बरोबर जुळते. दात चपटे असून त्यांच्या कडांवर बारीक दंतुर धार असते. अर्ध्या मापाच्या कवटीवर ती धार नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोठ्या मापातला स्वतंत्र दात दिला आहे, आणि हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

उरलेल्या दोन दातांपैकी एक आजच्या मगरीचा, शंकूच्या आकाराचा, भक्ष्य धरून ठेवणारा आहे. दुसरा मादागास्करच्या सिमोसुकसचा असून त्याचा आकार लवंगेसारखा आहे. सिमोसुकसचे वर्णन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. आखूड, बोथट मुस्कटाचा, अंगभर अस्थिकवचांचे आवरण असलेला हा लहानखुरा प्राणी बहुधा वनस्पती खाऊन जगत असावा, असे त्याच्या दातांवरून मानले जाते. बॉरूसुकस आणि सिमोसुकस हे दोघेही नोटोसुकियन या एकाच मोठ्या गटातले असून त्यांचे दात इतके भिन्न आहेत, हे पाहिले की जमिनीवरच्या मगरवंशीयांनी किती निरनिराळे आहार स्वीकारले होते, हे स्पष्ट करायला वेगळे व्याख्यान लागत नाही.

या चपट्या दंतुर दातांनी एकेकाळी तज्ज्ञांनाही चकवले होते. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडील पॅटागोनियात सस्तन प्राण्यांचे जीवाश्म असलेल्या तृतीयक काळातल्या, म्हणजे क्रिटेशसनंतरच्या थरांत असे दात सापडत, आणि ते मांसाहारी डायनोसॉरचे आहेत, म्हणजे डायनोसॉर तेथे क्रिटेशसनंतरही टिकून होते, असा तर्क काही अभ्यासकांनी लढवला होता. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी त्या समजुतीवर शंका घेतली आणि १९३७ मध्ये सेबेकस या मगरवंशीयाचे वर्णन केले. त्यानंतर त्या दातांच्या धन्याचा पत्ता लागला. पुस्तिकेत या प्रकरणाचा उल्लेखही नाही, आणि एवढी बोलकी हकिगत हाताशी असताना ती का वगळली, हे मला समजले नाही.

आता पायाकडे वळू. हा पाय बॉरूसुकसचा नसून त्याचा जवळचा नातलग असलेल्या स्ट्रॅटिओटोसुकसच्या हाडांवर आधारलेला आहे, असे पुस्तिकेत प्रामाणिकपणे लिहिले आहे. जीवाश्मतज्ज्ञ डग्लस रिफ आणि अलेक्झांडर केल्नर यांनी २०११ मध्ये स्ट्रॅटिओटोसुकसच्या हातापायांच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हा प्राणी पाय शरीराखाली सरळ ठेवून चालत असावा, असा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षाचा आधार प्रतिकृतीत बोटाने चाचपून पाहता येतो. खुब्याच्या खोबणीच्या वर हाडाचा रुंद कठडा पुढे आलेला आहे. मांडीच्या हाडाचे डोके आत वळून त्या कठड्याखाली बसते, त्यामुळे शरीराचा भार वरून खाली, हाडावरून हाडावर उतरतो आणि स्नायूंना तो पूर्णपणे पेलावा लागत नाही. मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूला शेपटीकडून येणाऱ्या बळकट स्नायूच्या जोडणीचा उंचवटा आहे. पाय मागे ओढण्याचे मुख्य काम तोच स्नायू करतो.

घोटा विशेष काळजीने केला आहे. मगरवंशाच्या घोट्यात दोन हाडांमध्ये खुंटी आणि खाच असा सांधा असतो. वरच्या हाडाची खुंटी टाचेच्या हाडाच्या खाचेत फिरते आणि टाचेचे हाड मागे लांब टोक काढते, ज्याच्यावरून पोटरीचा स्नायू पाऊल ओढतो. प्रतिकृतीत ही दोन हाडे वेगवेगळी ओतली असून सांधा खरोखर फिरतो, आणि केवळ एवढ्यासाठी जरी हा संच घेतला तरी पैसे वाया जाणार नाहीत. पावलाची चार बोटे पूर्ण असून पाचव्याचा फक्त खुंट आहे, हेही बरोबर. कमी अनुभवी कारागीर सवयीने पाचवे बोट पूर्ण करून टाकतात.

इतक्या चांगल्या पायाला दिलेला आधार मात्र अनाकलनीय आहे. त्या धातूच्या दांड्यावर पाय बसवला की मांडीचे हाड आडवे बाहेर फाकते आणि त्याचे डोके खोबणीतून अर्धे निसटते. वरचा कठडा मग रिकाम्या जागेवर छप्पर धरल्यासारखा राहतो. म्हणजे हाडांनी जे सांगितले, ते आधाराने खोडून काढले. याबाबत कार्यशाळेकडे विचारणा केली असता, पाय फाकलेला असला तरच ग्राहकांना मगर ओळखू येते, असे नम्र उत्तर मिळाले. आजच्या मगरीसुद्धा पोट जमिनीवरून उचलून चालतात आणि ऑस्ट्रेलियातली गोड्या पाण्याची मगर तर चक्क चौखूर धावते, हे पाहता तो बचाव आजच्या मगरींपुरताही टिकत नाही. मी तो दांडा बाजूला ठेवून साध्या लाकडी चौकटीत मांडीचे हाड उभे अडकवले, आणि सगळे सांधे आपोआप जुळले.

पुस्तिकेचा दोष याच जातीचा, पण अधिक गंभीर आहे. तिच्यातल्या वंशवृक्षात बॉरूसुकस खाली, आजची मगर वर आणि मध्ये एक सरळ रेघ, असे चित्र आहे, जणू जमिनीवरची मगर हळूहळू पाण्यात उतरली आणि आजची मगर झाली. प्रत्यक्षात नोटोसुकियन ही वेगळी फांदी आहे आणि आजच्या मगरींचे पूर्वज तिच्यातून आलेले नाहीत. दोन्ही फांद्यांचा उगम त्याहून कितीतरी आधीच्या, ट्रायासिक काळातल्या (डायनोसॉरांच्या युगाच्या सुरुवातीच्या) लहान, सडपातळ, लांब पायांच्या मगरवंशीयांपाशी पोहोचतो. वेल्समधला टेरेस्ट्रिसुकस किंवा ॲरिझोनातला हेस्पेरोसुकस हे त्यांतले परिचित प्राणी. जमिनीवर ताठ पायांनी वावरणे ही या वंशाची मूळ स्थिती होती आणि पाण्यातले जीवन नंतर आले. पुढे पाणवठ्यांत स्थिरावलेल्या वंशांतूनही पुन्हा काही प्राणी जमिनीकडे वळले असावेत. जर्मनीतील गायझेलटालच्या इओसीन (डायनोसॉर संपल्यानंतरच्या) थरांतला बोव्हेरिसुकस हे त्याचे उदाहरण, ज्याच्या बोटांची टोके खुरांसारखी बोथट आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्विंकानाचे दातही चपटे आणि दंतुर आहेत, पण त्याच्या पायांची हाडे फारशी ज्ञात नसल्याने केवळ डोक्यावरून त्याला भूचर ठरवणाऱ्यांशी सगळे अभ्यासक सहमत नाहीत. शिवाय सेबेकसचे नातलग डायनोसॉरांबरोबर संपले नाहीत. व्हेनेझुएलातला प्रचंड बॅरिनासुकस इओसीनच्याही नंतरच्या मायोसीन काळातला आहे. हे सारे एका सरळ रेघेवर बसवणे शक्यच नाही.

संचात पुढचा पाय नाही, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव. मगरवंशाच्या मनगटात दोन हाडे लांबट, दांड्यासारखी झालेली असतात आणि त्यामुळे हाताला जणू एक जास्तीचा भाग मिळतो. हे लक्षण टेरेस्ट्रिसुकससारख्या अगदी जुन्या, धावऱ्या प्राण्यांत आहे आणि आजच्या मगरीतही जसेच्या तसे टिकून आहे. चिखलात पहुडलेल्या प्राण्याच्या मनगटात जमिनीवर धावणाऱ्या पूर्वजांची ही खूण दाखवता आली असती, तर पुस्तिकेतली ती सरळ रेघ कोणत्याही वाचकाला आपोआप चुकीची वाटली असती. कवटी आकर्षक असते आणि विकली जाते, हे मान्य आहे, पण वंशाचा इतिहास सांगण्याच्या बाबतीत हे मनगट तिच्या तोडीस तोड आहे.

बाकी बाबी थोडक्यात. रेझिन जड आणि टणक आहे, ओतकामाच्या जोडरेषा घासून काढल्या आहेत आणि खालचा जबडा चुंबकाने बसतो. वारंवार उघडझाप केल्यास चुंबकाजवळचा रंग उडतो. बोटांची टोके नाजूक असल्याने लहान मुलांच्या हाती पाय देऊ नये. महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा गंभीर हौशी अभ्यासकाला हा संच घेण्यास माझी हरकत नाही, मात्र मागणी करताना रंग न दिलेली कवटी मागावी. ती मिळते आणि तिच्यावर शिवणी स्वच्छ दिसतात. धातूचा आधार वगळून संच देण्याची सोय आहे का, हेही विचारावे. पुढच्या पायाचे काम चालू असल्याचे कार्यशाळेकडून सांगण्यात आले आहे. तो पाय घेण्याआधी मनगटाची ती दोन हाडे घोट्याप्रमाणेच स्वतंत्र ओतली आहेत की हाताच्या हाडाशी एकसंध केली आहेत, एवढे खात्रीने जाणून घ्यावे, कारण एकसंध केली असतील तर त्या पायासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.