डायना विन जोन्स: आधी ‘हाऊल’ घ्यायचं की ‘फायर अँड हेमलॉक’?

डायना विन जोन्स या ब्रिटिश फँटसी लेखिकेचं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर बहुतेक जण डोळे झाकून ‘हाऊल्स मूव्हिंग कासल’ सांगतात, आणि चुकीचं नाहीये ते. पण त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९८५ ला, बाईंचं ‘फायर अँड हेमलॉक’ आलं होतं, ते इतकं विचित्र आहे की घ्यायच्या आधी माहीत असलेलं बरं.

हाऊल सरळ मजेचं. टोप्यांच्या दुकानातल्या सोफीला चेटकीण म्हातारी करून टाकते, आणि ही बया रडत बसायचं सोडून थेट एका जादूगाराच्या घरात घुसून झाडलोट करायला लागते. हाऊल म्हणजे नुसता नखरेल, सोफीने बाथरूममधल्या बाटल्या हलवल्या म्हणून केसांचा रंग बिघडला तर घरभर हिरवा चिकट राडा होईपर्यंत थयथयाट. जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा यावरचा २००४ चा ॲनिमेशन पिक्चर पाहिला असेल तरी घ्या, पुस्तकातला हाऊल मुळात आपल्याच जगातल्या वेल्सचा असतो, ते पिक्चरमध्ये नाहीच आणि तिथे युद्धच जास्त आहे.

आता दुसरं. १९ वर्षांच्या पॉलीला कॉलेजला जायच्या तयारीत असताना जाणवतं की आपल्याकडे आठवणींचे दोन सेट आहेत, एक साधा आणि त्याखाली दडलेला दुसरा, ज्यात टॉम लिन नावाचा चेलो वाजवणारा माणूस आहे. दोघं मिळून गंमत म्हणून गोष्टी रचायचे आणि त्या खऱ्या व्हायला लागायच्या. पण मला जादूपेक्षा जास्त लागलं ते ब्रिस्टलचं प्रकरण. आईने पॉलीला तिथे बापाकडे पाठवलेलं, बापाने मात्र मुलगी कायमची आलीय हे घरात सांगितलेलंच नाही, मग ही पोर परतीचं तिकीट आहे असं खोटंच सांगून एकटी बाहेर पडते. हाऊलमध्ये असं पोटात कालवणारं काही नाही.

शेवट मात्र पहिल्यांदा वाचताना डोक्यावरून जातो, मी तर मागची पानं उलटून परत वाचली तरी अर्धवटच कळलं. त्यामुळे आधी ‘टॅम लिन’ हे जुनं स्कॉटिश गाणं वाचून घ्या, छोटंसंच आहे. त्यात पऱ्यांची राणी दर सात वर्षांनी नरकाला बळी देते आणि जॅनेट आपल्या माणसाला, त्याचा साप झाला जनावर झालं तरी, घट्ट धरून ठेवते. बाईंनी हेच धरून ठेवणं उलटं फिरवलंय, आणि ते ओळखलं नाही तर शेवट नुसता घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो.

रविवारी एका बैठकीत संपवायचं तर हाऊल. वाचून झाल्यावर कुणाशी तरी वाद घालायची खाज असेल तर फायर अँड हेमलॉक, मला स्वतःला हेच जास्त आवडतं. फक्त मुलांसाठी घेत असाल तर पहिल्यांदा भेटतात तेव्हा पॉली दहा वर्षांची आणि टॉम चांगला मोठा माणूस आहे, पुढे ते नातं ज्या दिशेला जातं ते बऱ्याच जणांना खटकतं, मलाही थोडं खटकलंच, तेव्हा आधी स्वतः वाचा मग द्या.