रीफ टँकमधील नायट्रेट-फॉस्फेट : शैवाल, जीएफओ की कार्बन डोसिंग?

प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या झूझँथेली या सूक्ष्म शैवालांना नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही लागतात, त्यामुळे रीफ टँकच्या, म्हणजे प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, पाण्यातील नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे शून्यावर नेणारा उपाय चांगला, हा समज निवड करण्याआधीच सोडून द्यावा. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर असताना बहुतेक मिश्र (मऊ व कठीण प्रवाळ एकत्र असलेल्या) टाक्या निरोगी राहतात. तुमच्या टाकीत यांपैकी कोणता आकडा वर गेला आहे, यावर पुढची सगळी निवड अवलंबून आहे.

फक्त फॉस्फेट वाढले असेल, तर जीएफओ, म्हणजे लोह ऑक्साइडचे दाणे, सर्वांत लवकर परिणाम दाखवतात. नायट्रेटला ते हातही लावत नाहीत. मात्र हा वेगच घातक ठरू शकतो. फॉस्फेट एकाएकी घसरले की अ‍ॅक्रोपोरा या फांद्या असलेल्या कठीण प्रवाळाच्या बुंध्याकडून ऊती सुटू लागतात आणि खालचा पांढरा सांगाडा उघडा पडतो. म्हणून पाकिटावर दिलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरुवात करावी. शिवाय खडकांत मुरलेले फॉस्फेट हळूहळू पाण्यात परत येत असल्याने, पहिल्या आठवड्यातील उतार कायमचा मानू नये.

नायट्रेट बरेच वाढले असून फॉस्फेटही थोडे शिल्लक असेल, तर व्हिनेगरसारखा कार्बनस्रोत देऊन पोषकद्रव्ये शोषणारे जिवाणू वाढवण्याची पद्धत, म्हणजे कार्बन डोसिंग, स्वस्त आणि प्रभावी आहे. परंतु ते जिवाणू पाण्याबाहेर काढायला दमदार स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारे उपकरण) हवाच. मात्रा चुकली तर पाणी दुधाळ होते, ऑक्सिजन घटतो आणि रात्री मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता) ७ ते ८ डीकेएच (तिचे एकक) च्या आसपास स्थिर ठेवावी लागते, कारण पोषकद्रव्ये कमी असताना ती चढी राहिली तर कठीण प्रवाळांच्या फांद्यांची टोके करपतात. नियमित चाचणीची सवय नसलेल्याने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही आकडे थोडेफार वर असतील आणि संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या उपटाकीत, जागा असेल, तर मी केटोमॉर्फा शैवालाचा कप्पा सुचवेन. हा उपाय संथ आहे, पण ते संथपण प्रवाळांना मानवते. मुख्य टाकीतील दिवे मालवल्यावर कप्प्यातला दिवा लावला, तर रात्री घसरणारा पीएच सावरतो आणि कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जीवांना आसराही मिळतो. वाढलेले शैवाल वेळोवेळी उपटून बाहेर काढले, तरच पोषकद्रव्ये टाकीबाहेर जातात. गुंता दाट होऊन आतला भाग कुजू लागला, की शोषलेले सारे पुन्हा पाण्यात मिसळते.

दोन्ही आकडे शून्याजवळ असताना वाळूवर बुडबुडे अडकलेला तपकिरी, तंतुमय थर दिसला, तर तो डायनोफ्लॅजेलेट या उपद्रवी सूक्ष्मजीवांचा असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी कार्बन डोसिंग आणि जीएफओ थांबवावे, शैवालाचा प्रकाश कमी करावा आणि माशांचे खाद्य थोडे वाढवून आकडे वर येऊ द्यावेत.