होल्स्टर घेताना सेफ्टी लिव्हर कुठे दबतो ते आधी बघा

पिस्तुलासाठी होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचं म्यान, घेणार असाल तर सगळे पैसे आगाऊ देऊ नका, आणि दुकानदार ‘कुठल्याही पिस्तुलाला बसतं’ म्हणाला की सरळ बाहेर पडा.

माझा झवेरी बाजारात धंदा आहे. जोखमीचा, मौल्यवान माल घेऊन ये-जा असते, म्हणून रीतसर परवाना काढून .३२ बोअरचं पिस्तूल घेतलं. दक्षिण मुंबईतल्या एका दुकानदाराने मॉडेल विचारून घेतलं, ‘तुमच्या मापाचं, अस्सल कातड्याचं शिवून देतो, शेठ’ म्हणाला आणि साडेचार हजार आधीच घेतले. पक्कं बिल दिलं नाही, नुसती चिठ्ठी. थोड्याच दिवसांत कड उसवली. वर रेक्झिन, आत पुठ्ठा!

पण पैशापेक्षा भयंकर गोष्ट वेगळीच होती. माझ्या पिस्तुलाचा सेफ्टी लिव्हर, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेला खटका, फ्रेमवर (खालच्या न सरकणाऱ्या सांगाड्यावर) डाव्या बाजूला, अंगठ्याजवळ आहे. वर केला की लॉक, खाली केला की पिस्तूल फायरला तयार. कोल्ट १९११ या पिस्तुलाचंही तसंच. वॉल्थर पीपीचा लिव्हर स्लाइडवर, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागावर असतो आणि त्याचं उलटं, खाली केला की सेफ. म्हणजे होल्स्टर बंद करायचा पट्टा कुठून जातो हे प्रत्येक पिस्तुलाला वेगळं बघावं लागतं. माझ्या होल्स्टरचा बटणाचा पट्टा नेमका लिव्हरवरून जात होता. रिकामं पिस्तूल आत सरकवून बटण लावलं, तर बारीक ‘टिक’ ऐकू आली. काढून बघतो तर लिव्हर खाली! दर वेळी तेच. भरलेलं पिस्तूल असं कमरेला लावून लोकलच्या गर्दीत चढलो असतो, या विचाराने अजून काटा येतो.

तक्रार घेऊन गेलो तर म्हणे, ‘लिव्हरच बदलून देतो, अडीच हजार द्या.’ हा तर त्याहून मोठा सापळा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरफार करता येत नाही, आणि या माणसाकडे तसला परवाना नाही. तो हात झटकून मोकळा होईल, शस्त्र मात्र तुमच्या नावावर.

होल्स्टर घरी आणलं की मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, आणि मगच आत-बाहेर करून लिव्हर हलतो का ते तपासा. ट्रिगर पूर्ण झाकला गेला पाहिजे. तोंडाशी माल मऊ असेल तर तो आत दुमडून ट्रिगरवर दाबू शकतो, असलं होल्स्टर नकोच. आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल पूर्ण झाकलेलं असावं लागतं. रुबाबासाठी उघडं दिसणारं होल्स्टर गळ्यात मारणारे हे सांगत नाहीत.

‘वापरलेला माल परत घेत नाही’ हे त्याचं शेवटचं उत्तर. पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे नोंद आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.