चालू ड्रेनेज क्लीनिंगचा धंदा विकत घेतला : पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी माझी, मशीन माझं, डिझेल माझं, पण गिऱ्हाइकांकडे असलेला नंबर अजून धंदा विकणाऱ्या काकांच्याच खिशात. पावसाळाभर हे इतकं डोक्यात गेलंय की शेवटी लिहायला बसलो.

मी चाकणला एका कंपनीच्या खरेदी खात्यात होतो. चिंचवडचे एक काका बरीच वर्षं चोकअपची, म्हणजे तुंबलेल्या लाइनी मोकळ्या करायची कामं घेत होते. मुलाला त्यात रस नाही, म्हणून त्यांनी चालू धंदा विकायला काढला. साडेसात लाखांत छोटा हत्ती टेम्पो, त्यावरचं जेटिंग मशीन (दाबाच्या पाण्याने लाइन साफ करणारं), दोन स्प्रिंग मशीन (लाइनीत केबल फिरवून चोकअप काढणारी), दोन कामगार आणि गिऱ्हाईक सोसायट्यांची वही असं सगळं मिळालं. वहीचं लगेच सांगून टाकतो. निम्म्या सोसायट्यांत कमिटी बदलली की काम सेक्रेटरीच्या ओळखीच्या माणसाकडे जातं. वहीचे पैसे देऊ नका.

आता नंबर. यादीत 'गुडविल' म्हणून दीड लाख लावले होते. ते गुडविल म्हणजे एक मोबाइल नंबर. निगडीपासून रावेतपर्यंत वॉचमनच्या केबिनवर, पंपरूमच्या दारावर पिवळ्या रंगात तोच रंगवलेला. करारात 'संपर्क क्रमांकासह' असे शब्द मी हट्टाने घालून घेतले होते. सह्या झाल्यावर काका शांतपणे म्हणाले, "अहो, त्याच नंबरला आधार आहे, बँक आहे, गॅस आहे. ओटीपी तिथंच येतात. तो कसा देऊ?"

म्हणजे दीड लाखांची वस्तू विकणाऱ्याच्याच शर्टाच्या खिशात! मग तोडगा निघाला कॉल फॉरवर्डिंगचा. त्यात कॉल येतात, व्हॉट्सअ‍ॅप येत नाही. आणि हल्ली लोक फोन कुठे करतात? तुंबलेल्या चेंबरचा फोटो टाकतात आणि खाली 'अर्जंट'. काका जेवून झोपले की तो फोटो चार वाजेपर्यंत तसाच, तोवर दुसरा कोणीतरी काम करून पैसे घेऊन गेलेला. उलट काकांचे घरचे सगळे फोन मात्र मला. त्यांच्या साडूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची जेवढी माहिती मला आहे तेवढी काकांनाही नसेल.

बरं झालं, शेवटचा हप्ता मी अडकवून ठेवला होता. बायको त्याला चिकटपणा म्हणते, म्हणू दे. त्या हप्त्यासाठी काका हलले. त्यांनी स्वतःसाठी नवीन सिम घेतलं, आधारच्या रांगेत मीच त्यांच्याबरोबर उभा राहिलो, बँकेतला नंबर बदलला. गॅस राहिलाय. तो झाला की दोघांनी मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाऊन जुनं सिम माझ्या नावावर करायचं आणि तिथंच हप्ता द्यायचा. तुम्ही घेणार असाल तर आधी सिम नावावर, मग टोकन.

मशीनबद्दल माझं मत मधेच बदललं. सुरुवातीला वाटायचं, धंदा म्हणजे जेटिंग. नोझलच्या मागच्या भोकांतून पाणी सुटतं, त्या जोरावर पाइप स्वतःच लाइनीत पुढे सरकतो आणि ओढून घेताना गाळ चेंबरकडे आणतो. बघायला झकास. स्प्रिंग मशीन भंगारात घालावंसं वाटायचं. पण चौथ्या मजल्यावरच्या सिंकच्या लाइनीत जेट लावून बघा. पाणी खालच्याच्या ओट्यावर येतं आणि मग भांडण. तिथे स्प्रिंगच लागते. मात्र थिजलेल्या तुपातेलात स्प्रिंग नुसतं भोक पाडते, पाइपच्या भिंतीला थर तसाच राहतो, म्हणून हॉटेलच्या बाहेरच्या लाइनीला परत जेटच हवा. दोन्ही ठेवा.

आणि मामांना ठेवा. मामा म्हणजे दोन कामगारांतले थोरले. त्यांचा पगार मला पहिल्यांदा डोळ्यात खुपला होता. वाकडच्या एका फ्लॅटमध्ये फरशीचं नवीन काम झालं होतं आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालचा पाइपचा भाग, तुंबलेला. स्प्रिंग आत फिरत होती, मामांचा हातमोजा त्या केबलवर अलगद टेकलेला. मी म्हटलं, जोर द्या. ते म्हणाले, "शेठ, बंद करा. कपडा असता तर केबल पिळली असती, हे खरवडतंय. सिमेंट आहे." फरशीवाल्यांनी ग्राउटची (सांधे भरायच्या सिमेंटची) घमेली तिथंच धुतली होती. ते दगड झालेलं, पाइप कापूनच काढावा लागला. मी असतो तर केबल मोडून बसलो असतो, आणि केबल स्वस्त येत नाही. दिवाळीपासून मामांचा पगार वाढवलाय.

एक गोष्ट काकांनी विकताना अजिबात सांगितली नाही. सेप्टिक टँकच्या कामात सेक्रेटरी हमखास म्हणतो, "एक माणूस आत उतरवा ना, दोन मिनिटांचं काम." उतरवायचा नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात किंवा टँकमध्ये उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात मृत्यू झाला तर घरच्यांना 30 लाख भरपाई, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2023 चा निकाल आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो, म्हणून 'वास नाही म्हणजे धोका नाही' हे सेक्रेटरींचं शास्त्र बाद. मी मैला ओढून घेणारा सक्शन टँकर भाड्याने आणतो आणि त्याचं भाडं बिलात दाखवतो. त्यापायी दोन सोसायट्या गेल्या. जाऊ देत.

धंदा चालतो का? चालतो. जून ते सप्टेंबर फुरसत नसते, नंतर हॉटेलं तारतात. जेटच्या पाइपला कपलिंगजवळ फुगा आलाय. काका म्हणतात, अजून एक पावसाळा काढेल. त्या दाबाला पाइप फुटला तर समोरच्याचं काय होईल ते मामांनी मला सांगितलंय, त्यामुळे नवीन पाइपचं कोटेशन मागवलंय. भोसरीत कोणी बिलासह स्वस्त देत असेल तर कळवा, फक्त माझ्या नवीन नंबरवर.