ब्लेडचा वस्तरा घरी आणला त्याला आठ महिने झाले

आधीच सांगतो, हा वस्तरा मी हौसेने घेतलेला नाही. मानेवर डाव्या बाजूला माझे दाढीचे केस कातडीच्या आत वळायचे आणि पुळ्या यायच्या. तीन पात्यांचं कार्ट्रिज फिरवलं की पुढचे दोन दिवस शर्टाची कॉलर टोचायची. सलूनमध्ये दाढी केली की मात्र काही व्हायचं नाही. तिथे लागतं एकच पातं, तेही अर्धं. म्हटलं, तेच हत्यार घरी आणू. हिशोब बरोबर निघाला, पण ते हत्यार चालवायला दोन हात लागतात हे कळायला दोन महिने आणि बरीचशी तुरटी गेली.

वस्तरा म्हणजे तुम्ही सलूनमध्ये रोज बघता तोच. आजोबांच्या काळी गावचा न्हावी धोकटीतून अखंड पोलादाचा वस्तरा काढायचा, चामड्याच्या पट्ट्यावर पाजवायचा आणि सुगीला बलुतं न्यायचा. एड्सची जनजागृती झाली, गिऱ्हाईक खुर्चीत बसता बसता "नवीन ब्लेड लावा" म्हणायला लागलं आणि अखंड वस्तरा बघता बघता मागे पडला. ब्लेडच्या वस्तऱ्यात दुधारी ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग बसवतात. पाजवायची भानगड नाही. पण जुना वस्तरा जाड पाठीचा आणि वजनदार असायचा. हे ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं, आणि त्याला दोन टोकदार कोपरे. माझं रक्त निघालं ते बहुतेक वेळा या कोपऱ्यांनीच, धारेने फार कमी.

पहिला वस्तरा रविवार पेठेत सलूनचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून घेतला, दीडशे रुपयांना. दुकानदाराने विचारलं, "दुकान कुठंय तुमचं?" मी म्हटलं, घरीच वापरायचाय. त्याने एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि न विचारता तुरटीचा खडा पिशवीत टाकला. तो वस्तरा पंधरा दिवसांत बाद केला. ब्लेड बसवून उजेडासमोर धरला की दिसायचं, टोकाकडे ब्लेड जरा जास्त बाहेर आणि मुठीकडे आत. फरक दोन केसांएवढा असेल, पण गालावर बरोबर ओरखडा उठायचा. दुसरा स्टीलचा घेतला, पावणेपाचशेचा. त्याचं तोंड वहीसारखं उघडतं, आतल्या दोन खुंट्यांवर ब्लेड बसतं, मिटलं की वरून कडी लागते. तेव्हापासून ब्लेड एकदाही वाकडं बसलेलं नाही. या वस्तूत पैसे मोजायचेच असतील तर ब्लेड सरळ बसण्यासाठी मोजा. लाकडी मूठ, नक्षी वगैरे सगळं ओल्या हातात सारखंच निसटतं.

ब्लेडबाबतही शहाणपणा केला. इंटरनेटवर वाचून थेट जपानी फेदर मागवलं. सेकी या तलवारींसाठी नावाजलेल्या गावात बनतं, त्यामुळे धारेबद्दल बोलायलाच नको. पण शिकाऊ हाताला ती धार परवडत नाही. कापल्याचं जाणवतसुद्धा नाही, फेस गुलाबी झाला की कळतं. दोष ब्लेडचा नव्हता, माझा होता. नंतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळणाऱ्या सेव्हन ओ'क्लॉकवर आलो आणि तिथेच थांबलो. ब्लेडवरचा कागद न काढता, त्याच्यासकट ब्लेड लांबीतून दुमडायचं, 'टक' असा आवाज येतो, दोन तुकडे होतात. कागद काढून मोडू नका. मी एकदा काढला होता.

आता मूळ दुखणं. पहिला महिनाभर माझं सगळं लक्ष वस्तऱ्याकडे. कोन किती, बोटं कुठे, शेपटीवर करंगळी ठेवायची की नाही. कोन तीस अंशांच्या आसपास हवा असं सगळे सांगतात. सांगायला ठीक आहे, पण आरशासमोर कोनमापक कोण धरणार? मला जमलेली रीत अशी: ब्लेड गालावर सपाट टेकवायचं आणि पाठ हळूहळू उचलत जायचं, खुंट कापल्याचा आवाज सुरू होईपर्यंत. बारीक, कोरडा, वाळूवर झाडू फिरवल्यासारखा आवाज येतो. तो येत असेल तर कोन बरोबर. पाठ जास्त उचलली की आवाज भसाडा होतो आणि कातडी खरवडली जाते. त्यासाठी मी बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बंद ठेवतो. बायकोला वाटलं वीज वाचवतोय.

एवढं करूनही मानेवर कापायचंच. शेवटी नेहमीच्या सलूनमध्ये काकांना विचारलं. गेली पंधरा वर्षं मी त्यांच्याकडे केस कापतो. आधी ते हसले आणि म्हणाले, "मी स्वतःची दाढी साध्या रेझरने करतो." तीस वर्षं वस्तरा चालवणारा माणूस! मग म्हणाले, "साहेब, दुसऱ्याच्या तोंडापुढं उभं राहिलं की दोन्ही हात मोकळे असतात. स्वतःच्या तोंडाला हात पुरत नाहीत." आणि पुढच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकावर दाखवलं. त्यांचा उजवा हात जेमतेम इंचभर हलत होता. काम सगळं डावा करत होता. अंगठा कल्ल्यापाशी टेकवून गाल वर ओढला, मग जबड्याच्या हाडावरची कातडी ओढून सपाट गालावर आणली, तिथलं उरकलं, सोडून दिली. म्हणजे वस्तरा हाडाच्या वळणावर गेलाच नाही, हाडावरची कातडीच वस्तऱ्यापाशी आली. इतकी वर्षं त्या खुर्चीत मी डोळे मिटून बसायचो, हे बघायचं राहूनच गेलं होतं.

त्या दिवसापासून दाढी बदलली. आता डाव्या हाताची बोटं कोरडी ठेवतो. फेसाने बुळबुळीत झालेल्या बोटांना कातडी धरवत नाही, म्हणून खांद्यावर टॉवेल असतो आणि बोटांना अधूनमधून तुरटी चोळतो, पकड चांगली बसते. डाव्या गालावर अजून पंचाईत होते. उजवा हात तोंडावरून पलीकडे न्यायचा, मनगट आरशासमोर येतं, नेमकं कापायचं तेच दिसत नाही. काही लोक डाव्या गालासाठी वस्तरा डाव्या हातात घेतात. मी दोनदा घेतला, तिसऱ्यांदा घेणार नाही.

दुसरी गोष्ट, आपले केस कुठल्या दिशेने उगवतात हे आपल्याला माहीत नसतं. दोन दिवस दाढी वाढवा आणि बोट सगळीकडून फिरवून बघा, जिकडे बोट अडत नाही तो सुलटा हात. गालावर वरून खाली असतो, ते ठीक. माझ्या मानेवर डावीकडे केस चक्क आडवे, कानाकडे निघालेले आहेत. इतकी वर्षं मी तिथे खालून वर कार्ट्रिज ओढत होतो, पुळ्या येणार नाहीत तर काय! आता तिथे फक्त सुलटा हात मारतो, म्हणजे मानेवर ब्लेडची धार उभी धरून आडवं कानाकडे जायचं. हात फिरवला तर खुंट किंचित लागतात. लागू देत. पुळ्या चौथ्या महिन्यापासून जवळपास बंद आहेत.

तयारीत मी काही विशेष करत नाही. आंघोळीनंतर लगेच दाढी, ब्रशने दोन-तीन मिनिटं फेस, साधं क्रीम. फेस जरा पातळ हवा. घट्ट फेसात वस्तरा अडतो, शिवाय खालची कातडी दिसत नाही. शेवटी गार पाणी आणि तुरटी. तुरटी जिथे चरचरते तिथे आज दाब जास्त पडला होता. फार प्रामाणिक परीक्षक आहे. सुरुवातीला तिने माझी रोज बिनपाण्याने केली.

दोन अपघात लिहून ठेवतो. एकदा कानाखाली, वस्तरा खाली जाण्याऐवजी बाजूला सरकला. धारेच्या दिशेने, म्हणजे लांबीतून, ब्लेड अर्धा सेंटिमीटर जरी घसरलं तरी कापतंच, सुरी भाजीवर चालवतो तसं. दुसऱ्यांदा ओल्या हातातून वस्तरा सुटला आणि तो झेलायला माझा हात आपोआप पुढे गेला. नशिबाने नेम चुकला. पडत असलेला वस्तरा पडू द्यायचा आणि पाय मागे घ्यायचा. फरशीवर आपटून माझं फक्त ब्लेड तुटलं. घरात लहान मूल असेल तर ब्लेड काढूनच वस्तरा ठेवा, मिटलेला असला तरी.

खर्च विचाराल तर पाच ब्लेडच्या पाकिटात दहा अर्धी. एक अर्धं मी एकाच दाढीला वापरतो, दुसऱ्या दाढीला ते ओढायला लागतं. दाढीमागे दोन-अडीच रुपये पडतात. वेळ मात्र पैशात धरू नका. पहिल्या आठवड्यात चाळीस मिनिटं लागायची, आता अठरा. सकाळी आठची लोकल असेल त्या दिवशी मी वस्तऱ्याला हात लावत नाही. साधा सेफ्टी रेझर घेतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. आठवड्यातून तीनदा वस्तरा, एवढंच बसलंय. प्रवासात तर नाहीच, विमानात हातातल्या बॅगेत ब्लेड चालत नाही. ओठाखालचा खळगा आणि मिशीची वरची कड अजून सेफ्टी रेझरनेच करतो, तिथे ब्लेडच्या कोपऱ्याशी माझं जमत नाही.

ज्यांच्या चेहऱ्यावर मुरुमं आहेत, हात थरथरतो किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी याच्या नादी लागू नये. बाकीच्यांनी पहिले पंधरा दिवस फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने करावेत आणि हनुवटीपासून खाली जुनाच रेझर. मला हे कोणी सांगितलं असतं तर एक लग्न मी मानेला पट्टी लावून गाठलं नसतं.

वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा वेचणाऱ्या ताईंचा हात त्यात जातो. मी पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला वरून चीर पाडून घेतलीय. आठ महिन्यांची ब्लेडं आत आहेत, तरी डबा भरलेला नाही, हलवला की खुळखुळतो.