बायोसाइडच्या नावाखाली रंगीत पाणी : उद्यमबागेतील कारखानदारांनी सावध राहावे

बेळगावच्या उद्यमबागेत आमची फौंड्री आहे. इंडक्शन भट्टीच्या कूलिंग टॉवरसाठी आम्ही ग्लुटाराल्डिहाइड हे बायोसाइड (पाण्यातले जंतू मारणारे रसायन) म्हणून जे विकत घेतले, ते प्रयोगशाळेच्या अहवालानुसार जवळजवळ नुसते रंगीत पाणी निघाले. ३५ किलोचे १२ कॅन, किलोला १९० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ९४,१६४ रुपये. शिवाय वार्षिक देखभालीचे ३६,००० रुपये आगाऊ. गळकी पाइपलाइन बदलायला गेलेले २,१८,५०० रुपये वेगळेच. कापलेल्या पाइपात गंजाचे फुगवटे होते. ते खरवडल्यावर आत काळा गाळ लागला, त्यावर ॲसिडचा थेंब पडताच कुजक्या अंड्यासारखा वास सुटला आणि खाली काडीपेटीच्या काडीचे गुल मावेल एवढा खड्डा दिसला. बुळबुळीत थराखाली, प्राणवायू नसलेल्या जागी वाढणाऱ्या सल्फेट-रिड्युसिंग जंतूंचे हे काम.

पहिला कॅन उघडला तेव्हाच आमचा हेल्पर म्हणाला होता, "मालक, ह्येला वासच न्हाई की ओ." खरे ग्लुटाराल्डिहाइड नाकाला झोंबते. विक्रेत्याने मात्र "कामगारांसाठी खास बिनवासाचे आहे" असे सांगून लेटरहेडवरचे प्रमाणपत्र पुढे केले. धातू ओतणाऱ्या माणसाने त्यावर आणखी काय तपासायचे? सकाळी पाण्यात बुडवलेली डिप स्लाइड (पाण्यातले जंतू वाढवून मोजायची पट्टी) त्याच दुपारी दाखवून "एकही कॉलनी नाही", म्हणजे जंतूंचा एकही ठिपका नाही, असे त्याने छातीठोकपणे सांगितले, ते आठवले की आजही संताप होतो. ती स्लाइड सुमारे ३० अंशांवर निदान ४८ तास ठेवल्याशिवाय वाचायची नसते, आणि प्राणवायूविना जगणारे जंतू साध्या स्लाइडवर उमटतही नाहीत. प्रत्येक कॅनवर बॅच नंबर मागा. नसेल तर माल उतरवूनच घेऊ नका.

पोलिसांनी मराठी अर्ज परत केला, कन्नडमध्ये लिहून दिल्यावर "हा पैशाच्या व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा" असे सांगितले, आणि बिलावर महाराष्ट्रातील पत्ता दिसताच सीमेपलीकडे बोट दाखवले. पलीकडे गेलो तर माल कर्नाटकात उतरला म्हणून परत इकडेच पाठवले. खोटा माल खरा म्हणून विकणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरत नसेल, तर ते कलम कोणासाठी आहे? ग्राहक आयोगाचे दारही बंद, कारण माल व्यापारी कारणासाठी घेतलेला. कर भरताना आमची भाषा आणि हद्द कोणी विचारत नाही.

हाच विक्रेता आता स्वस्त क्लोरीन घेऊन फिरतो आहे असे ऐकतो. पाण्याचा पीएच ८ च्या वर असेल तर क्लोरीनचा जोर बराच उतरतो, हे त्याला तोंडावर विचारा. जंतूंच्या तपासणीचा नमुना टॉवरच्या तळच्या गाळातून, डोस टाकण्यापूर्वी आणि स्वतःच्या हाताने घ्या; प्रत्येक कॅनमधले अर्धा लिटर सीलबंद करून, त्यावर विक्रेत्याची सही घेऊनच पैसे द्या.