लक्झरी सेडानची बॉडी: ए-८, सेव्हन सिरीज की एस-क्लास?

मोठी सेडान निवडताना चर्चा इंजिन, एअर सस्पेन्शन आणि स्क्रीनभोवतीच फिरते. या तिन्ही गोष्टी बिघडल्या तर बदलता येतात, बॉडी मात्र जन्मभर तीच राहते. म्हणून इथे फक्त बॉडीची तुलना केली आहे. गाड्या तीन: ऑडी ए-८ची २०१७ साली आलेली चौथी पिढी, बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजची २०१५ची जी-११ आणि मर्सिडीज एस-क्लास. एस-क्लासमध्ये २०१३ची डब्ल्यू-२२२ आणि २०२०ची डब्ल्यू-२२३ अशा दोन्ही पिढ्या धरल्या आहेत.

आमचं मत आधीच सांगतो. "इतके टक्के अ‍ॅल्युमिनियम" या आकड्यावर निवड करू नका. दोन वेगळे पदार्थ कुठे भेटतात आणि कशाने जोडलेत ते पाहा. अपघातानंतरचा खर्च, दहा वर्षांनी दिसणारा गंज आणि खराब रस्त्यावर दारांची कुरकुर या जोडांवरच ठरते.

ए-८: वजन वाढलं, ते का?

ऑडीने १९९४च्या पहिल्या ए-८पासून अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर नाव कमावलं. २०१०च्या तिसऱ्या पिढीत बॉडीचं वजन २३१ किलो होतं आणि त्यात पोलाद म्हणावं तर मुख्यतः बी-पिलर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब. चौथ्या पिढीत अ‍ॅल्युमिनियमचा वाटा ५८ टक्क्यांवर आला, बाकी पोलाद, मॅग्नेशियम आणि कार्बन फायबर. वजन झालं २८२ किलो, म्हणजे ५१ किलोंची वाढ. ही पीछेहाट वाटते, पण तसं नाही.

अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आणि ताठपणाही तेवढाच. सपाट पत्रा वाकताना त्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. त्यामुळे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं करायचं तर जाडी १.४४ पट करावी लागते आणि तरीही वजन निम्म्यावर येतं. बॉनेट, दारं, डिकी इथे हा सौदा फायद्याचाच. खांबाचं गणित वेगळं आहे. बी-पिलर किंवा दाराखालचा सिल हवा तेवढा जाड करता येत नाही, कारण दाराची जागा आणि चालकाची नजर आड येते. तिथे किलोपेक्षा मिलिमीटर महाग असतो. बोरॉन पोलाद सुमारे ९०० अंशांना तापवून थंड साच्यात दाबलं की त्याची मजबुती १५०० मेगापास्कलच्या आसपास जाते. बॉडीत वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यापेक्षा ही कितीतरी पट जास्त आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांच्या सुरक्षा-चाचण्या घेणाऱ्या संस्थेने अशी चाचणी सुरू केली, जिच्यात गाडीच्या रुंदीचा फक्त २५ टक्के भाग ताशी ६४ किमी वेगाने अडथळ्यावर आदळतो. त्यात धक्का पुढच्या मुख्य बीमना चुकवून थेट चाक, बिजागरीचा खांब आणि सिलवर येतो. नव्या ए-८मध्ये पोलाद नेमकं अशाच जागी आहे: इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीचा खालचा भाग, सिल, बी-पिलर आणि छताच्या कडेचा पुढचा भाग. पिळाला होणारा विरोध आधीच्या पिढीपेक्षा २४ टक्क्यांनी वाढला.

खरी करामत मात्र जोडात आहे. बॉडी रंगाच्या भट्टीत १८० अंशांच्या आसपास तापते. तेव्हा एक मीटर अ‍ॅल्युमिनियम सुमारे ३.७ मिमी वाढतं आणि पोलाद १.९ मिमी. एका मीटरमागे १.८ मिमीची ही ओढाताण जोडाने सोसायची असते. दोन्ही धातू नुसते वेल्ड केले तर मधला थर ठिसूळ होतो, नुसते रिवेट मारले तर रिवेटच्या मधला पत्रा फुगतो. म्हणून स्ट्रक्चरल ग्लू, म्हणजे भार पेलणारा गोंद, आणि यांत्रिक पकड दोन्ही लागतात. ए-८च्या दारांच्या चौकटीत बाहेरच्या बाजूचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आतल्या पोलादाच्या कडेवरून रोबोच्या रोलरने दुमडला जातो आणि मध्ये ग्लू असतो. वेल्डिंगच्या पक्कडीसाठी जागा सोडावी लागत नसल्याने कड अरुंद राहते आणि दाराची उघडी जागा वाढते.

घेणाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की बाजूचा पत्रा बदलावा लागला तर गॅरेजमध्ये तो रोबो नसतो. निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेतलीच पद्धत, तीच अवजारं आणि तोच ग्लू वापरावा लागतो. कड नेहमीच्या हातोडीने दुमडली तर ग्लू पातळ-जाड बसतो, पोकळीत पाणी साचतं आणि दोन धातूंच्या मधोमध गंज सुरू होतो. आधी काही दिसत नाही. रंगाखाली फोड दिसेपर्यंत आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

मागच्या सीटमागची भिंत कार्बन फायबरची आहे. ५० मिमी रुंदीच्या पट्ट्या ६ ते १९ थरांत, जिथे जसा भार तशा रचून ती बनते. केबिनच्या एकूण पीळ-ताठपणातला ३३ टक्के वाटा या एका भागाचा आहे. मागून ठोकलेल्या ए-८मध्ये डिकीचा पत्रा सरळ दिसला म्हणून समाधान मानू नका. डिकीचं अस्तर काढायला लावून ही भिंत कडेकडेने पाहा. अ‍ॅम्प्लिफायर बसवण्यासाठी कोणी तिला भोक पाडलं असेल तर गाडी सोडा. एक तर तंतू तुटलेले असतात. दुसरं म्हणजे कार्बन वीजवाहक असतो, ओल मिळाली की तो शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमला झिजवतो, आणि त्या दोघांना वेगळं ठेवणारा थर त्या भोकाने फोडलेला असतो.

पुढे दोन्ही सस्पेन्शन टॉवर (सस्पेन्शनचं वरचं टोक धरणारे बॉडीचे भाग) जोडणारी आडवी पट्टी मॅग्नेशियमची आहे, आधीच्या पट्टीपेक्षा २८ टक्के हलकी. तिचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे असतात. काम करताना कोणी साधे पोलादी बोल्ट घातले असतील तर बोल्टभोवती पांढरी पूड दिसू लागते, कारण मॅग्नेशियम पोलादाच्या संगतीत सर्वात आधी झिजतं. चुंबक लावून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

सेव्हन सिरीज: कार्बन आहे, पण लपलेला

बीएमडब्ल्यूने उलट वाट घेतली. जी-११चा मूळ सांगाडा पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमचा असून बी-पिलर, छताचे आडवे बीम, सिल, मधला बोगदा (दोन सीटांमधला जमिनीचा उंचवटा) आणि मागची काचेखालची फळी यांत कार्बन फायबरचे भाग बसवले आहेत. याला कंपनी कार्बन कोर म्हणते. बॉडी सुमारे ४० किलोंनी आणि संपूर्ण गाडी आधीच्या पिढीपेक्षा १३० किलोंपर्यंत हलकी झाली. वजन छतातून कमी झालं की गुरुत्वमध्य खाली येतो. एवढी लांब गाडी वळणावर आटोपशीर वाटते, त्यात याचा वाटा आहे.

अडचण तपासणीची आहे. पोलाद वाकतं आणि वाकलेलं दिसतं. कार्बनला पोचा पडत नाही. धक्का बसला की थर आतून सुटतात आणि वरून भाग धड दिसतो. नाण्याने हलके टकटक करून आवाज बद्द येतो का हे ऐकणं ही पहिली चाळणी, पक्कं निदान अल्ट्रासाउंडने. पण इथे कार्बन दुसऱ्या पत्र्याच्या आत असल्याने टकटक करायलाही तो सहज हाती लागत नाही. खांबाचा असा भाग खराब झाला तर ठिगळ चालत नाही, ठरलेल्या रेषेवर कापून नवा भाग बसवावा लागतो. शिवाय कापताना उडणारी भुकटी वीजवाहक असते. ती ओढून घेणारं यंत्र नसेल तर कंट्रोल युनिटमध्ये शिरून शॉर्ट करू शकते.

म्हणून जी-११बाबत आमचा नियम कडक आहे. बाजूने धक्का बसल्याचा इतिहास असेल तर दुरुस्ती कितीही चकचकीत दिसो, नाही म्हणा. बंपर, बॉनेट किंवा पुढचं मडगार्ड बदललं असेल तर हरकत नाही.

एस-क्लास: साधी विभागणी

डब्ल्यू-२२२मध्ये बाहेरचं आवरण, छत आणि पुढचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा, केबिनचा पिंजरा जास्त ताकदीच्या पोलादाचा. अ‍ॅल्युमिनियमचा वाटा निम्म्याहून अधिक. पीळ-ताठपणा आधीच्या पिढीच्या २७.५ वरून ४०.५ किलोन्यूटन-मीटर प्रति अंशावर गेला. म्हणजे बॉडी एक अंश पिळायला मीटरभर लांबीच्या तरफेवर सुमारे ४ टन वजन टांगावं लागेल. खड्ड्यात एक चाक गेल्यावर डॅशबोर्ड बोलत नाही तो यामुळे.

या रचनेचा दुरुस्तीतला फायदा मोठा आहे. दोन धातूंची मुख्य सीमा पिंजऱ्याच्या पुढच्या बाजूला येते, त्यामुळे समोरून ठोकल्यावर नुकसान बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच्या विभागातच थांबतं. मात्र सस्पेन्शन टॉवरसारखे ओतीव भाग ओढून सरळ करता येत नाहीत, त्यांना तडे जातात. ते बदलायचेच. बिलात "टॉवर सरळ केला" असं लिहिलेलं दिसलं तर ती दुरुस्ती चुकीची आहे.

डब्ल्यू-२२३मध्ये तत्त्व तेच, बारकावे जास्त. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, लहान आवृत्तीत ३०३५ वरून ३१०६ मिमी आणि लांब आवृत्तीत ३१६५ वरून ३२१६ मिमी झाला. हवेच्या अवरोधाचा गुणांक ०.२२पर्यंत खाली आला, डब्ल्यू-२२२चा ०.२४च्या आसपास होता. इंधनात याने फार फरक पडेल असं समजू नका: ताशी १२० किमीला ०.०२ म्हणजे सुमारे ३३ न्यूटन, इंजिनावरचा भार एक किलोवॉटहून किंचित जास्त. खरा लाभ शांततेचा. बॉडीच्या काही पोकळ भागांत आवाज अडवणारा फोम भरलेला आहे, तो त्यासाठीच. खांब कापून जोडताना हा फोम आधी काढावा लागतो, नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेने पेटतो, आणि काम झाल्यावर पुन्हा भरावा लागतो. बरेच जण भरत नाहीत. ८० ते १०० च्या वेगाला संगीत बंद करून डाव्या आणि उजव्या खांबाजवळचा आवाज ताडून पाहा. एकीकडे घोंगावणं जास्त असेल तर त्या बाजूचे कागद मागा. आत सरकणारी दाराची हँडलंही चारही एकाच वेळी, एकाच खोलीला बसतात का ते बघून घ्या.

गाडी पाहताना

रंगाची जाडी मोजणारा मीटर लोह आणि लोहेतर दोन्हींवर चालणारा हवा, फक्त चुंबकावर चालणारा या गाड्यांवर निरुपयोगी आहे. मूळ रंग साधारण ९० ते १६० मायक्रॉन भरतो. एखादाच पत्रा २५० ते ३०० दाखवत असेल तर तो पुन्हा रंगवलाय, ५०० च्या वर आत पुट्टी आहे. नुसता पुन्हा रंग लागला म्हणून घाबरू नका. पण अ‍ॅल्युमिनियमच्या बॉनेटची पुढची कड आणि दारांच्या खालच्या दुमडी बोटाने चाचपा. धाग्यासारखे वळवळत गेलेले बारीक फोड लागले तर पोलादावर वापरलेली ग्राइंडिंग डिस्क किंवा ब्रश याच पत्र्यावर फिरवल्याची शक्यता मोठी. पोलादाचे कण रुततात आणि रंगाखालून झीज पसरते. वरून रंगवून ती थांबत नाही.

दारांचे रबर ओढून चौकटीची कड उघडी करा. कारखान्यातला ग्लूचा आणि सीलरचा ओघ दोन्ही बाजूंना सारखा असतो, हाताने भरलेला जाड-बारीक होतो. रिवेटची डोकीही डावी-उजवीकडे मोजा. कारखान्यात रिवेट पत्र्याची पलीकडची बाजू न फोडता आत फाकतो, दुरुस्तीत अनेक ठिकाणी त्याऐवजी पॉप रिवेट मारतात. पुस्तिकेने मान्य केलेल्या जागी ते योग्यच आहेत, पण ते दिसले म्हणजे तिथे काम झालंय हे नक्की.

गॅरेज आधी, गाडी नंतर

निवडीचा निम्मा भाग इथे आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या कामासाठी वेगळी बंदिस्त जागा आणि वेगळी अवजारं आहेत का, ते विचारा. अ‍ॅल्युमिनियमची भुकटी हवेत पसरली आणि शेजारी पोलादाच्या ठिणग्या उडाल्या तर स्फोट होऊ शकतो, त्यामुळे हा प्रश्न कामगारांच्या जिवाचाही आहे. पल्स मिग वेल्डर आणि आर्गॉन, रिवेटची गन, दोन भागांचा इपॉक्सी ग्लू आणि त्याच्या नळीवरची मुदत, बॉडी मोजायचा बेंच एवढं तरी पाहून घ्या. आणि बी-पिलरबद्दल "गरम करून ओढून घेऊ" असं कोणी म्हणालं तर तिथे गाडी देऊ नका. साच्यात कडक केलेलं पोलाद पुन्हा तापलं की मऊ पडतं. खांब सरळ दिसेल, पण पुढच्या धडकेत तो केबिनमध्ये शिरेल.

असं सुसज्ज गॅरेज आवाक्यात असेल तर आम्ही चौथ्या पिढीची ए-८ घेऊ. बॉडी म्हणून ती तिघांत सर्वात विचारपूर्वक बांधलेली आहे. गॅरेजची खात्री नसेल तर डब्ल्यू-२२२, कारण तिचे बहुतेक रोजचे घाव बोल्टने बसणाऱ्या पत्र्यांवर निभावतात. जास्त शांतता आणि मागे जास्त जागा हवी असेल तर डब्ल्यू-२२३. जी-११ फक्त स्वच्छ इतिहासाची. तिसऱ्या पिढीची ए-८ स्वस्त मिळत असेल तर तिच्यात वेगवेगळ्या पदार्थांचे जोड कमी आहेत, हा मोठा गुण. अ‍ॅल्युमिनियमचं काम जाणणारा कारागीर मात्र तिलाही लागतोच.

शेवटचा सौदा करण्याआधी गाडी मोजणीच्या बेंचवर चढवून छापील अहवाल घ्या. ठरलेल्या बिंदूंमधली डावी-उजवी तिरपी मापं निर्मात्याच्या आकड्यांपासून ३ मिमीपेक्षा जास्त ढळलेली नकोत, आणि पुढचे सस्पेन्शन टॉवर त्याहून काटेकोर हवेत. मोजणीचा खर्च तुम्ही करा. विकणारा तरीही तयार नसेल, तर दुसरी गाडी बघा.